मोटरहोमसाठी विजेचा छोटा हीटर: किती वॅटचा घ्यावा, कुठे ठेवावा, कसा चालवावा

सहा मीटरच्या मोटरहोमसाठी विजेचा छोटा हीटर घ्यायचा असेल, तर खोक्यावर ठळक छापलेले २००० वॅट बाजूला ठेवा आणि त्या हीटरची सगळ्यात खालची पायरी किती वॅटची आहे ते आधी बघा. ती ५०० ते १००० वॅटच्या मध्ये असेल तर हीटर कॅम्पसाइटवर कामाचा. एकच बटण आणि थेट दोन किलोवॅट, असा असेल तर दुकानातच राहू द्या. रात्र उबेत जाणार की पहाटे दोनला टॉर्च घेऊन विजेच्या खांबापाशी कुडकुडत उभं राहावं लागणार, हे या एका आकड्यावर ठरतं.

इथे विचार ब्रिटनमधल्या साइट्सचा केला आहे. तिथे राहणारं एखादं मराठी कुटुंब ऑक्टोबरच्या सुट्टीत मोटरहोम भाड्याने घेऊन स्कॉटलंडकडे निघतं, तेव्हा दिवस छान जातो आणि रात्री बाहेरचा पारा शून्य ते पाचच्या मध्ये येतो. अशा वेळी तीन प्रकारचे हीटर लोक सोबत घेतात: पंख्याचा सिरॅमिक हीटर, पाच-सात पात्यांचा छोटा ऑइल हीटर आणि पातळ कन्व्हेक्टर पॅनल. तिन्ही साधारण २० ते ६० पाउंडांत मिळतात. किंमत जवळपास सारखी असली तरी गाडीत त्यांचं वागणं अगदी वेगळं आहे.

पण विकत घेण्याआधी गाडीत काय बसवलेलं आहे ते बघा. ट्रूमा कॉम्बी (गाडी आणि पाणी दोन्ही गरम करणारा बसवलेला हीटर) असेल आणि नावाच्या शेवटी ‘ई’ असेल, तर त्यात गॅसबरोबर विजेची कॉइलही आहे आणि ती ९०० किंवा १८०० वॅटवर चालते. जुन्या कॅरॅव्हॅनमधल्या अल्ट्राहीटला ५००, १००० आणि २००० अशा तीन पायऱ्या असतात. आल्डेची गरम पाण्याच्या नळ्यांची यंत्रणा असेल तर विजेवर एक ते तीन किलोवॅट मिळतात. यांतलं काहीही गाडीत असेल तर वेगळा हीटर फक्त आधाराला. बसवलेल्या हीटरची ऊब नळ्यांमधून कपाटं, पाण्याची टाकी, बाथरूम अशी सगळीकडे फिरते. सुट्या हीटरला ते जमत नाही. नुसत्या गॅसवर किंवा डिझेलवर चालणारी कॉम्बी असेल, तर मात्र सुटा हीटर खरोखर पैसे वाचवतो. एक किलोवॅट ऊब दहा तास हवी असेल तर पाऊण किलोच्या आसपास प्रोपेन जळतो. म्हणजे सहा किलोचं सिलिंडर आठेक रात्रींत संपलं. पिचच्या, म्हणजे साइटवर गाडी उभी करायच्या जागेच्या, भाड्यात वीज धरलेली असेल तर तो गॅस स्वयंपाकासाठी उरतो.

खांबावर किती अँपिअर?

पिचवर उतरल्यावर पहिलं काम म्हणजे विजेच्या खांबावरचा आकडा वाचणं. ब्रिटनमध्ये बहुतेक ठिकाणी १० किंवा १६ अँपिअर मिळतात. फ्रान्समध्ये उतरलात तर ६ अँपिअर अगदी नेहमीचे, आणि काही जुन्या साइट्सवर त्याहून कमी. अँपिअरला २३० ने गुणा: १६ म्हणजे ३६८० वॅट, १० म्हणजे २३००, ६ म्हणजे जेमतेम १३८०. हा आकडा संपूर्ण गाडीचा, एकट्या हीटरचा नव्हे. विजेवर चालणारा फ्रिज दीडशे वॅट घेतो, बॅटरीचा चार्जर बॅटरी किती उतरली आहे त्याप्रमाणे शंभर ते तीनशे. हे दोन्ही न विचारता चालू असतात. तेव्हा तीनशे वॅट आधीच वजा धरा.

दहा अँपिअरच्या पिचवर मग दोन हजार उरले. हीटर दोन हजारावर लावलात की मोबाईलच्या चार्जरलासुद्धा जागा नाही. हीटर हजारावर ठेवलात तर उरलेल्या हजारात कमी वॅटची किटली चालते. घरातली किटली आणायचीच नाही, ती २२०० ते ३००० वॅटची असते. हजार वॅटच्या किटलीत लिटरभर पाण्याला सात मिनिटं लागतात, चहासाठी तेवढं थांबता येतं. आपल्याकडचा भाताचा इलेक्ट्रिक कुकर सातशेच्या आसपास, तो हीटरसोबत चालेल. इंडक्शन मात्र १८०० ते २००० वॅट खेचतं. इंडक्शन चालू करायचं तर हीटर बंद, यात तडजोड नाही. मायक्रोवेव्हवर ८०० लिहिलेलं असतं ते अन्नाला मिळणारे वॅट. खांबावरून तो बारा-तेराशे घेतो. बेरीज चुकते ती बहुधा इथेच.

बेरीज चुकली तरी एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) लगेच पडत नाही, आणि लोक फसतात ते यामुळेच. एमसीबीवर लिहिलेल्या अँपिअरच्या १.१३ पटीपर्यंत तो तासभर न पडता तग धरतो, १.४५ पटीला तासाच्या आत पडायलाच हवा. मधल्या पट्ट्यात तो कधी पडेल ते त्याच्या तापण्यावर ठरतं. म्हणून दहा अँपिअरच्या खांबावर बारा अँपिअरचा भार संध्याकाळभर निमूट चालतो, आणि रात्री फ्रिजची वेळ आणि हीटरची वेळ एकत्र आली की सगळं अंधारात जातं. कित्येक साइट्सवर खांबाच्या पेटीला कुलूप असतं, किल्ली वॉर्डनकडे, आणि वॉर्डन सकाळी आठला उठतो. त्यामुळे रात्री झोपण्यापूर्वी चालू असलेल्या वस्तूंची बेरीज खांबाच्या आकड्याच्या ऐंशी टक्क्यांत बसवा.

गाडीच्या आतही एक मर्यादा आहे. सॉकेटच्या सर्किटला पुष्कळदा १० अँपिअरचाच एमसीबी असतो. खांब सोळाचा असला तरी सगळ्या सॉकेटवर मिळून २३०० वॅटच्या वर जाता येत नाही. ही पेटी बहुधा वॉर्डरोबच्या तळाशी किंवा सीटखाली असते. अंधारात हाताला सापडेल इतकी तिची जागा ओळखीची करून घ्या.

खरी गरज किती वॅटची?

दोन किलोवॅटशिवाय ऊब येणारच नाही अशी समजूत असते. साधा हिशोब करून बघू. सहा मीटरच्या मोटरहोमच्या भिंती, छत आणि फरशी मिळून सुमारे ५५ चौरस मीटर पृष्ठभाग होतो. चांगल्या इन्सुलेशनच्या, युरोपीय मानकाच्या तिसऱ्या श्रेणीतल्या गाडीची उष्णता-गळती चौरस मीटरला, एका अंशाच्या फरकाला १.२ वॅटपेक्षा जास्त नसावी अशी अट आहे. बाहेर ५ अंश आणि आत २० हवे, म्हणजे फरक १५ चा. ५५ गुणिले १.२ गुणिले १५ केलं की ९९० वॅट येतात. आतली हवा २० घनमीटर. ती तासाला दोनदा बदलली तर आणखी दोनशे वॅट. एकूण बाराशेच्या आसपास. त्यात माणसांच्या अंगची ऊब मिळते, एका माणसाची साधारण ७० ते १०० वॅट. चार माणसं आणि हजार वॅटचा हीटर, बाहेर पाच अंश असेल तर एवढ्यात भागतं. बाहेर उणे पाच झालं की गरज दोन किलोवॅटवर जाते, आणि तिथे सुट्या हीटरच्या भरवशावर राहू नये. गॅस किंवा डिझेल चालू करावं.

जुन्या व्हॅनवरून बनवलेल्या कॅम्परचं गणित वेगळं, कारण तिच्या पत्र्यामागे कधी कधी काहीच नसतं. पण नव्या गाडीतही एक जागा उघडी राहते: ड्रायव्हरची केबिन. मागच्या भागाच्या खिडक्या दुहेरी ॲक्रिलिकच्या असतात, पुढची काच एकेरी. विंडस्क्रीन आणि दोन दारांच्या काचा मिळून तीन चौरस मीटर धरल्या, तर १५ अंशांच्या फरकाला त्यांतून अडीचशे वॅट बाहेर जातात. म्हणजे ७५० वॅटच्या हीटरचा तिसरा हिस्सा नुसत्या काचांतून गेला. यासाठी बाहेरून लावायचं चंदेरी थर्मल आच्छादन हीटरपेक्षा आधी घ्या. ते नसेल तर सीटच्या मागे जाड चादर किंवा सोलापुरी रग छतापासून जमिनीपर्यंत टांगा. त्याने मोठ्या हीटरइतकाच फरक पडतो आणि वीज लागत नाही.

पंख्याचा सिरॅमिक हीटर

गाडी गरम करायला हा सगळ्यात चपळ. वजन दीड-दोन किलो, आकार बुटाच्या खोक्याएवढा, चालू केल्यापासून मिनिटभरात गरम हवा. दोन अंशांवर असलेली गाडी पंधरा-वीस मिनिटांत बसण्यासारखी होते. पंखा हवा ढवळतो हा त्याचा मोठा गुण. गाडीचं छत खाली असतं, गरम हवा तिथे साठून राहते. बंकवरच्या मुलांना उकडतं आणि खाली बसलेल्यांचे पाय गार. जमिनीवरून हवा फेकणारा पंखा हा फरक बराच कमी करतो.

यातल्या सिरॅमिकच्या चकत्या तापल्या की त्यांचा विरोध वाढतो आणि वीज आपोआप कमी होते. त्यामुळे जाळीसमोर अडथळा आला तरी कॉइलसारखी लालबुंद होत नाहीत. हा सुरक्षेचा मोठा फायदा आहे. तोटाही त्यातच आहे: मागच्या जाळीत धूळ आणि केस अडकले, हवा कमी झाली, की चकत्या तापतात आणि हीटर गुपचूप कमी वॅट देऊ लागतो. ‘पूर्वीसारखा गरम करत नाही’ अशी तक्रार असली तर आधी जाळी झाडा. चालू करताना पहिले काही सेकंद हा हीटर छापील वॅटपेक्षा थोडा जास्त प्रवाह घेतो, हेही ध्यानात असू द्या. भार आधीच काठावर असेल तर एमसीबी याच क्षणी पडतो.

थर्मोस्टॅट फिरवायच्या बटणाचा घ्या, टचचा नको. कारण असं: खांबावरची वीज गेली आणि परत आली की फिरवायच्या बटणाचा हीटर जिथे होता तिथून पुढे चालू होतो. टचचा हीटर वीज आल्यावर बहुधा बंदच राहतो, त्याचं कोणीतरी बटण दाबावं लागतं. शिवाय त्याचा निळा आकडा रात्रभर डोळ्यांत जातो. सहा मीटरच्या खोलीत तो झाकायला जागा नसते. बटणवाल्याची खोट एवढीच की त्याच्या आतली धातूची पट्टी तीन-चार अंशांच्या फरकाने काम करते. टक्‌ असा आवाज होतो, पंखा घुमतो, थांबतो, पुन्हा टक्‌. हलकी झोप असेल तर हा आवाज त्रास देतो.

आणि म्हणूनच हा हीटर झोपेपर्यंतचा. पांघरूण बंकवरून घसरून त्यावर पडणं ही अगदी सहज होणारी गोष्ट आहे. झोपताना तो बंद करून प्लग काढून ठेवा. उलटा पडला तर बंद होणारा स्विच त्यात असायलाच हवा. दुकानात हीटर तिरका करून स्विचचा खटका ऐकू येतो का ते बघा.

छोटा ऑइल हीटर

पाच ते सात पात्यांचा, ५०० ते १००० वॅटचा ऑइल हीटर हा मोटरहोममधला सगळ्यात शांत सोबती. पंखा नाही, उजेड नाही, आवाज जवळजवळ नाही. तापायला मात्र वीस मिनिटं ते अर्धा तास घेतो आणि बंद केल्यावर तितकाच वेळ ऊब देत राहतो. थर्मोस्टॅट बंद-चालू होत असताना गाडीतलं तापमान त्यामुळे फारसं हलत नाही. साडेचार अँपिअरच्या आतला भार, तोही अधूनमधून. सहा अँपिअरच्या फ्रेंच पिचवरसुद्धा ७०० वॅटचा ऑइल हीटर फ्रिज आणि चार्जरसकट निर्धास्त चालतो. पंख्याच्या दोन किलोवॅटवाल्याला तिथे प्रवेशच नाही.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. ७०० वॅटचा हीटर दहा तास ठेवला आणि थर्मोस्टॅटने तो निम्मा वेळ चालवला, तर साडेतीन युनिट. पिचवर मीटर असेल आणि युनिटला ४० पेन्स लावत असतील तर १ पाउंड ४० पेन्स. वॅटला वॅट ऊब सगळेच हीटर सारखी देतात. ‘कमी विजेत जास्त उष्णता’ असं खोक्यावर लिहिलं असेल तर त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. फरक पडतो तो ऊब कुठे जाते आणि थर्मोस्टॅट किती नेमका आहे यात.

वजन चार ते सहा किलो, आणि इथेच याची खरी अडचण सुरू होते. साडेतीन टनांच्या मर्यादेत आधीच पाणी, गॅस, सामान, माणसं भरलेली असतात. चालत्या गाडीत ही वस्तू मोकळी ठेवता येत नाही. ब्रेक लागला तर ती घरंगळून माणसाच्या पायावर येते. पट्ट्याने उभी बांधायची. आडवी ठेवलीच, तर पिचवर पोचल्यावर उभी करून काही वेळ थांबा आणि मगच चालू करा. आत तेल पूर्ण भरलेलं नसतं. आडवं असताना ते पात्यांत सरकतं आणि कॉइल काही काळ कोरडी राहते. तेल खाली उतरून कॉइल बुडायला वेळ द्यावा लागतो. निर्मात्याच्या पत्रकात जितका वेळ लिहिला असेल तितका पाळा.

दुसरी खोट हिवाळ्याच्या पहिल्या सहलीला दिसते. वर्षभर गॅरेजच्या ओलीत पडलेला हीटर लावला की गाडीतली आरसीडी (वीज गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच) खाडकन पडते. दोष बहुधा कॉइलच्या आतल्या भुकटीने शोषलेल्या ओलीचा असतो. त्यातून थोडा प्रवाह अर्थिंगकडे गळतो आणि ३० मिलिअँपिअरची आरसीडी तो पकडते. एमसीबी पडला तर भार जास्त झाला. आरसीडी पडली तर गळती. हा फरक ओळखता आला की निम्मं काम झालं. एकेक वस्तू काढून बघा. हीटर काढल्यावर आरसीडी टिकत असेल तर तो हीटर इलेक्ट्रिशियनने तपासेपर्यंत लावू नका. आरसीडी बांधून किंवा बदलून हीटर चालवणं म्हणजे त्या छोट्या, धातूच्या, ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या डब्यात जीव धोक्यात घालणं.

कन्व्हेक्टर पॅनलबद्दल थोडक्यात: हलका, पातळ, आवाज नाही, पण गरम हवा थेट वर छताला नेतो आणि पाय हलके असल्याने मुलांच्या धक्क्याने पडतो. पाचशे वॅटचा असेल तर बाथरूमच्या दाराशी ठीक. लाल नळ्यांचा हॅलोजन किंवा क्वार्ट्झ हीटर गाडीत आणूच नका. समोरची गादी, पडदा, सोफ्याचं कापड तो थेट तापवतो आणि मोटरहोममध्ये या वस्तूंपासून एक मीटर लांब अशी जागाच नसते. हिवाळ्यात गाडी घरासमोर उभी असताना फक्त आत गोठू नये एवढंच हवं असेल, तर हलक्या थंडीत ६० ते १२० वॅटचा नळीचा हीटर आधार देतो. तो ग्रीनहाउससाठी विकतात.

जागा, केबल, प्लग

हीटर जमिनीवर, वाटेच्या मध्यापासून थोडा बाजूला, तोंड गाडीच्या लांबीच्या दिशेने. दाराच्या पायरीजवळ ठेवला तर गारवा अडतो, पण रात्री बाहेर पडताना पाय त्याच्यावर पडतो आणि दार उघडलं की पाऊस आत येतो. सॉकेटच्या थेट खाली ठेवायचा नाही. वर चढणारी गरम हवा सॉकेट आणि प्लग तापवते. अंथरूण, पडदे, कपडे यांच्यापासून एक मीटर. ओले मोजे किंवा टॉवेल त्यावर वाळत घालायचे नाहीत, ऑइल हीटरवरसुद्धा नाही. धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा, दोन्ही अलार्म चालू असल्याची खात्री करा. विजेच्या हीटरमधून कार्बन मोनॉक्साइड येत नाही, पण गाडीत गॅसची शेगडी आहेच.

प्लग सरळ भिंतीच्या सॉकेटमध्ये. मल्टिप्लग नको, पातळ एक्स्टेंशन नको. अर्ध्या तासाने प्लगला हात लावून बघा: कोमट चालेल, धरवत नसेल तर लगेच बंद. काढून पिना बघा. चकचकीत पितळेऐवजी तपकिरी, निळसर छटा आली असेल, पिनेच्या मुळाशी प्लास्टिक किंचित वितळून मऊ कडा आली असेल, तर सॉकेटची पकड सैल झाली आहे. अशा सैल सांध्यात तयार होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते. दोन किलोवॅटचा हीटर हजारावर आणलात की प्रवाह निम्मा होतो आणि सांध्याचं तापणं एक चतुर्थांशावर येतं. खालची पायरी जपायचं हेही एक कारण.

भारतातून नेलेल्या हीटरचा मोह काहींना होतो, कारण दोन्हीकडे व्होल्टेज २३० च्या आसपास. पण आपला तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटला लागत नाही, आणि प्रवासी अडॅप्टर मोबाईल-लॅपटॉपसाठी असतो, हीटरसाठी नाही. तो तासाभरात वितळू शकतो. तिथेच घ्या.

आता बाहेरची केबल. निळ्या तीन पिनांची, १६ अँपिअरची, २५ मीटर लांब आणि तारेची जाडी २.५ चौरस मिलिमीटर, अशीच घ्या. १.५ ची स्वस्त केबल दिसायला तशीच असते. आवरणावर छापलेलं वाचा. गाडी खांबापासून पाच मीटरवर असली तरी ती रिळावरून पूर्ण उलगडून गाडीखाली सैल, एकमेकांवर न येणाऱ्या मोठ्या वळशांत पसरा. २.५ च्या २५ मीटर केबलमध्ये १३ अँपिअर वाहत असताना ६० वॅटच्या वर उष्णता केबलमध्येच तयार होते, १.५ च्या केबलमध्ये शंभरच्या आसपास. पसरलेल्या केबलमधून ती हवेत जाते. रिळावर वेटोळं घालून ठेवली तर मधल्या थरांतून बाहेर पडायला वाट नसते, आवरण मऊ होतं, चिकटतं आणि शेवटी तारा एकमेकींना भिडतात.

जोडताना आधी गाडीकडचं टोक, मग खांबाकडचं. काढताना आधी खांबाकडचं. उलट केलंत तर हातात वीज चालू असलेलं टोक राहतं. जोडून झालं की गाडीतल्या आरसीडीचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. ती पडायलाच हवी. नाही पडली तर त्या गाडीत हीटर काय, काहीच लावू नका.

थंडीच्या रात्री साइट भरलेली असेल तर शेवटच्या खांबांवर व्होल्टेज उतरतं. २३० चे २१० झाले की साध्या कॉइलचा २००० वॅटचा हीटर १६७० च्या आसपास देतो. हीटर बिघडला असं समजू नका.

युरोपात दोन पिनांच्या सॉकेटमधून वीज घेताना फेज आणि न्यूट्रल उलटे मिळू शकतात. हीटर तरीही चालतो. पण एकाच तारेला तोडणारा स्विच मग न्यूट्रल तोडतो आणि ‘बंद’ असलेल्या हीटरच्या आत फेज तशीच राहते. बंद करायचं म्हणजे प्लग काढायचा.

ओल आणि गोठणारं पाणी

सकाळी खिडकीच्या खालच्या रबरी कडेत पाण्याची रेघ साचलेली दिसते, ती हीटरची चूक नाही. झोपलेल्या दोन माणसांच्या श्वासातून आणि अंगातून रात्रभरात अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. शेगडीवर प्रोपेन जाळला तर एक किलो गॅसमागे १.६ किलो पाणी तयार होतं, वर वरणभाताची वाफ वेगळी. वीस अंशांच्या एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प राहतं, पाच अंशांना सातच्या आत. म्हणून उबदार हवा गार काचेला लागली की पाणी सुटतं. विजेचा हीटर बाष्प घालत नाही, पण काढतही नाही. स्वयंपाक करताना छताची खिडकी दोन बोटं उघडी ठेवा, हीटर चालूच राहू द्या. गरम हवा बाष्प घेऊन बाहेर जाईल. जमिनीतल्या आणि छतातल्या कायमच्या झरोक्यांवर कधीही कापड कोंबू नका. ते शेगडीसाठी ठेवलेले असतात.

सुट्या हीटरची एक अडचण भाड्याच्या गाडीत हमखास गोंधळ घालते. ट्रूमा कॉम्बीच्या पाण्याला फ्रॉस्टकंट्रोल नावाचा झडपेचा सुरक्षा-उपाय असतो. झडपेपाशी तापमान तीन अंशांच्या आसपास उतरलं की ती आपोआप उघडते आणि गिझरचं सगळं पाणी गाडीखाली सोडून देते, म्हणजे बर्फ होऊन टाकी फुटू नये. ती झडप असते सीटखालच्या किंवा पलंगाखालच्या बंद कपाटात. तुम्ही बसायच्या जागेत हजार वॅटच्या हीटरने वीस अंश केले, गॅसचं हीटिंग बंद ठेवलं, तरी त्या कपाटात रात्री दोन अंश होऊ शकतात. सकाळी नळाला पाणी नाही, पंप मात्र घरघरतोय. झडप सात अंशांच्या वर गेल्याशिवाय हाताने बंद होत नाही. कपाटाचं दार उघडून हीटरची हवा अर्धा तास आत जाऊ द्या, मग झडप हाताने बंद करा आणि टाकी पुन्हा भरा. आधीच टाळायचं असेल तर रात्री त्या कपाटाचं दार उघडं ठेवा, किंवा बसवलेलं हीटिंग खालच्या पायरीवर चालू राहू द्या. हीटरची ऊब गाडीतल्या थर्मोस्टॅटला लागून बसवलेलं हीटिंग थांबतं, म्हणून सुटा हीटर त्या सेन्सरपासून लांब ठेवा.

बॅटरीवर हीटर चालवायचा विचार असेल तर आकडा बघा. १००० वॅट बारा व्होल्टवर म्हणजे ८३ अँपिअर, इन्व्हर्टरची घट धरून नव्वदीच्या पुढे. शंभर अँपिअर-तासांची साधी बॅटरी निम्मीच वापरता येते. अर्ध्या तासात खेळ संपला. लिथियम असली तरी तासभर.

महाराष्ट्रात २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं, आणि आपल्या गाड्यांत एसीची चिंता आहे, हीटरची नाही. हीच गाडी हिमाचल किंवा लडाखला नेली तर मात्र लक्षात ठेवा: हॉटेलच्या अंगणातून तार ओढून घेताना सॉकेट १६ अँपिअरचंच हवं. ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटवर दोन किलोवॅटचा हीटर लावायचा नाही. अर्थिंग आहे का, हे तपासल्याशिवाय तर मुळीच नाही.

दोन्ही घ्यायची ऐपत आणि जागा असेल तर जोडी अशी: संध्याकाळी गाडी तापवायला १०००/२००० वॅटचा पंख्याचा हीटर, आणि जेवणानंतर ५०० ते ७०० वॅटचा ऑइल हीटर. एकच घ्यायचा तर जोडपं असेल त्यांनी ऑइल हीटर घ्यावा. लहान मुलांसोबत पोचल्याबरोबर ऊब हवी असते, तिथे ७५०/१५०० चा पंख्याचा. झोपेत चालू ठेवण्यासाठी सगळ्यात योग्य बसवलेलं हीटिंगच. ते नाहीच, तर ऑइल हीटर खालच्या पायरीवर, मोकळ्या जागेत, अलार्म तपासून.

निघायच्या सकाळी ऑइल हीटर नाश्त्याआधी बंद करा. आवरेपर्यंत तो पाऊण तासात हात लावण्याइतका गार होतो. मग वायर पात्यांवर न गुंडाळता वेगळी बांधा, हीटर उभा पट्ट्याने आवळा, आणि सगळ्यात शेवटी खांबाकडचं टोक काढून केबल पुसत पुसत गुंडाळा. ओली केबल पिशवीत कोंबली तर पुढच्या पिचवर खांबावरची आरसीडी पडायला तेवढंही पुरतं.